अडतीस सेंटिमीटर

सातवा जोड हातातच सुटला. त्याने रीळ फिरवायचं थांबवलं, टेपचं मोकळं टोक चिमटीत धरून दिव्याखाली नेलं आणि तिच्या पाठीवर पिवळ्या मेणपेन्सिलीने सातचा आकडा लिहिला. जोडाची पांढरी पट्टी जागच्या जागी होती. तिचा डिंक मात्र वाळून पिठासारखा झाला होता, फुंकर मारली असती तर उडून गेला असता.

बावीस वर्षं झाली होती. तो एवढा टिकला हेच खूप.

"शिंपीकाका, झालं का?" दार ढकलून कार्यक्रमवाल्या बाई आत आल्या. हातात कागदांचा गठ्ठा, कानावर पेन. "अकराला येतायत ती माणसं. त्या गायिकेचे मिस्टर आणि तिची मोठी बहीण. आपण त्यांना मूळ टेप ऐकवायची, ऐकता ऐकता ती कॉम्प्युटरवर घ्यायची आणि त्यांची प्रतिक्रिया पण रेकॉर्ड करायची. मस्त होईल."

"होईल," तो म्हणाला.

रेडिओ केंद्रात त्याला सगळे शिंपी म्हणत. ध्वनिमुद्रणाच्या टेपा कापायच्या, नको तो भाग काढायचा आणि उरलेला असा जोडायचा की ऐकणाऱ्याला शिवण कळू नये, हे काम त्याने चौतीस वर्षं केलं होतं. आता ते काम कॉम्प्युटरवर होत होतं. चार महिन्यांनी तो निवृत्त होणार होता, आणि त्याच्या मागे या खोलीतलं यंत्रही जाणार होतं.

"माझी यादी पूर्ण झाली," बाई टेबलाच्या कडेला टेकल्या. "बासरीवाला एकतीस, व्हायोलिनवाला छत्तीस, तो संगीतकार अडतीस आणि ही चौतीस. सगळे तिशीत गेले, सगळे नावाजलेले. अंगावर काटा येतो की नाही? काहीतरी असणारच काका त्यात. जो जास्त जळतो तो लवकर विझतो, असं काहीतरी."

"सत्तरीत गेलेले किती निघाले?"

"ते कशाला मोजू?"

"मग तिशीतच जातात हे कसं ठरवलंत? त्या मागच्या तीन कपाटांत सगळे म्हातारे होऊन गेलेलेच आहेत. संधिवात, मोतीबिंदू सगळं होऊन."

"काका, सकाळी सकाळी मूड घालवू नका." बाईंनी हसत कागद उलटला. "हे ऐका, मी काय लिहिलंय. 'साथीला एकही वाद्य नाही. चौदा मिनिटं फक्त तिचा आवाज. एका बैठकीत, कुठेही खंड न पडता गायलेलं हे गाणं तिचं शेवटचं ठरलं.' बरोबर ना? रेकॉर्डच्या कव्हरवर पण असंच आहे."

"कव्हरवर आहे खरं."

बाई गेल्या. त्याने पुढचं रीळ हाताने सावकाश सोडवलं. आठवा जोड सुटला, मग नववा. एकही धरून राहिला नाही. तीस जोड, एकतीस तुकडे. प्रत्येकाचं वेटोळं करून त्याने ते क्रमाने टेबलावर मांडले. ही टेप सेकंदाला अडतीस सेंटिमीटर वेगाने धावते, काटेकोर सांगायचं तर अडतीस पूर्णांक एक. म्हणजे इथे वेळ पट्टीने मोजता येते. पहिला तुकडा सोडला असता तर खोलीतून बाहेर, जिन्यापर्यंत गेला असता. साडेछत्तीस मीटर. शेवटची वेटोळी मात्र बांगडीएवढी होती.

घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. एका जोडाला तीन मिनिटं धरली तर तीस जोडांना दीड तास. अकराच्या आत गाणं होतं तसं झालं असतं आणि ते कधी सुटलं होतं हे कुणालाही कळलं नसतं.

तो कामाला लागला. टोकं लोखंडी खाचेत समोरासमोर बसवायची. पातं तिरकं, पंचेचाळीस अंशांत धरून कापायचं, म्हणजे एक सूर संपून दुसरा एकदम सुरू न होता एकात एक मिसळतो. पात्यातलं चुंबकत्व आधी काढून घ्यायचं, नाहीतर जोडावर टक् असा आवाज येतो. मग पट्टी ठेवायची, नखाने दाबायची, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. बोटांना सगळं पाठ होतं, त्यामुळे डोकं मोकळं राहत होतं आणि तीच पंचाईत होती.

बावीस वर्षांपूर्वी ती या खोलीच्या काचेपलीकडे उंच स्टुलावर बसली होती. पहिल्याच दिवशी, दीड मिनिटानंतर, तिचा सूर थांबला आणि खोकला आला. खोकला संपल्यावर तिने काचेतून त्याच्याकडे पाहिलं.

"दादा, काढता येईल?"

"काय?"

"हे." तिने छातीवर हात ठेवला.

"येईल की. कुणाला पत्ता लागणार नाही."

"खरंच?"

"पैज लावा."

मग चार दुपारी तेच चाललं. ती गायची, थांबायची, पाणी प्यायची, डोळे मिटून बसायची आणि जिथे सोडलं तिथूनच, त्याच उंचीवर, सूर उचलायची. तो अचूक उचलायची हे तिचं कसब, मधली जागा नाहीशी करायची हे त्याचं. वाद्य नसल्यामुळे लपवायला आडोसा नव्हता. इतकं अवघड काम त्याच्याकडे आधी कधी आलं नव्हतं, नंतरही आलं नाही. घरी जातानाही तो मनात जोडच लावत असे. त्याला तेव्हा तिच्या छातीची काळजी नव्हती, जोडांची होती.

शेवटच्या दिवशी तिने घरी न्यायला एक कॅसेट मागितली. त्याने आनंदाने काढून दिली. दारात ती म्हणाली, "कुणी विचारलं तर एका बैठकीत झालं म्हणायचं हं, दादा." त्यानंतर दहा आठवड्यांनी ती गेली. हृदयाची झडप निकामी होत आली होती आणि फुप्फुसात पाणी भरत होतं, असं वर्तमानपत्रात आलं होतं.

अकरा जोड झाले तेव्हा दहाला पाच मिनिटं कमी होती. बाहेरच्या बाकावर कुणीतरी बसल्याचा आवाज आला. यंत्र तापतं म्हणून दारावरची हवेची झडप तो नेहमी उघडी ठेवी.

"एक तास आधी आणलंत, ताई," पुरुषाचा आवाज.

"उशीर होण्यापेक्षा बरं. आणि आत गेल्यावर तुम्ही काही बोलू नका. मागच्या वेळी त्या पेपरवाल्यासमोर रडलात."

"रडलो नव्हतो. सर्दी झाली होती."

"बावीस वर्षं सर्दीच आहे तुम्हाला."

पिशवीची चेन उघडली, मिटली.

"अजून ऐकवतं तुम्हाला ते गाणं?" त्या ताईंचा आवाज. "मला नाही ऐकवत. मी तेव्हा कानीकपाळी ओरडत होते. तिचे कपडे ढगळ झालेत, जिना चढताना दोनदा बसते, डॉक्टरकडे न्या. तर तुम्ही मला कॅसेट लावून दाखवलीत."

"हो."

"घड्याळ लावून."

"हो, ताई. घड्याळ लावून."

"आणि म्हणे पोरांना विज्ञान शिकवायचे!"

"मोजलं होतं मी. तीच म्हणाली, ऐका आणि सांगा, आजारी माणूस असं गातो का? ऐकलं. चौदा मिनिटांत दम तुटलेला कुठे सापडला नाही. मग मी काय म्हणणार होतो?"

"डॉक्टरकडे चल, असं म्हणायचं होतं."

"हो. तेच म्हणायला हवं होतं."

दोघांच्या बोलण्यात राग नव्हता. रोजचा जिना पायऱ्या न बघता उतरावा तसे ते एकेका वाक्यावरून खाली आले.

आत बारावा जोड खाचेत बसवलेला होता. त्याच्या हातातलं पातं टोकापासून दोन मिलिमीटरवर थांबलं होतं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपल्या हातून खोटं झालं ते रेकॉर्डच्या कव्हरवरचं, एका ओळीचं. कॅसेट कशासाठी मागितली होती ते त्याला आत्ता, झडपेतून कळत होतं.

त्याने पातं खाली ठेवलं. मग सकाळपासून लावलेले अकरा जोड एकेक करून सोडवले. डिंक ताजा होता, सहज निघाला. एकतीसच्या एकतीस वेटोळी पुन्हा क्रमाने लागल्यावर त्याने हात पुसले आणि दार उघडलं.

"या ना आत. बाहेर कशाला बसलात."

नवरा साठीचा, बारीक, शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावलेला माणूस होता. थोरली बहीण त्याच्याहून चार वर्षांनी मोठी असेल. काठी होती, पण ती तिने टेकायला कमी आणि बोट दाखवायला जास्त वापरली.

"हे ते यंत्र का?" तिने काठीने विचारलं.

"हो. पण रीळ लावायला वेळ लागेल. सुटलंय."

"तुटलं? अरे देवा."

"तुटलं नाही. जोड सुटलेत."

"जोड म्हणजे?"

नवरा आधीच टेबलापाशी गेला होता. तो वाकून आकडे वाचत होता. "हे किती आहेत?"

"एकतीस."

"आणि हे सगळं तेच गाणं?"

"तेच."

"पण ते एका बैठकीत..."

"चार दिवस लागले, सर," शिंपी म्हणाला. "दुपारी दोन ते पाच. पहिल्या दिवशी सहाच तुकडे झाले, पण मोठे. शेवटच्या दिवशी चार. मध्ये खोकला यायचा. कधी नुसतीच धाप लागायची. त्या थांबायच्या आणि पुन्हा तिथूनच धरायच्या. मी मधलं कापून टाकत होतो."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" थोरलीने विचारलं.

"त्यांनीच. पण हात माझे होते. आणि मला ते काम आवडत होतं. खोटं कशाला बोलू."

"आवडत होतं!" तिची काठी फरशीवर आपटली. "माझी बहीण तिथे बसून धापा टाकत होती आणि तुम्ही इथे बसून मजेत कात्री चालवत होतात?"

"कात्री नाही, पातं असतं," तो सवयीने बोलून गेला आणि मग त्याने मान खाली घातली.

नवऱ्याचं लक्ष नव्हतं. "स्केल आहे का?" त्याने विचारलं. टेबलाच्या कडेला पोलादी पट्टी ठोकलेलीच होती. शिंपीने ती दाखवली, वेग सांगितला. नवऱ्याने अठ्ठाविसावं वेटोळं उचललं, टेपचा मागचापुढचा भाग न चुरगाळता ते पट्टीवर हातहात सरकवत नेलं. वर्गात प्रयोग करून दाखवताना असेल तशी त्याची बोटं स्थिर होती.

"चारशे पंचवीस. अकरा सेकंदांच्या जरा वर." पुढचं. "तीनशे शेहेचाळीस. नऊ." पुढचं. "दोनशे बासष्ट. सातला थोडं कमी." शेवटचं मोजायला त्याला वेळ लागला. दोनदा मोजलं. "दोनशे एकतीस. सहा."

"एक दुपार लागली या चारांना," शिंपी म्हणाला.

नवऱ्याने चारही वेटोळी होती तिथे ठेवली. "हे असं टेबलावर ठेवलं असतं ना," तो सावकाश म्हणाला, "तर माझ्या सहावीतल्या पोरानेही सांगितलं असतं."

त्याने शेवटचं वेटोळं बोटाने ओळीत सरळ केलं.

"मी दोनदा ऐकली होती कॅसेट. दुसऱ्यांदा हेडफोन लावून. एकही जोड ऐकू आला नाही मला."

"नसता आला. कुणालाच नसता आला."

"फार चांगलं काम होतं."

हे वाक्य शिंपीच्या वरिष्ठांनी त्याला तेव्हा दार लावून, खाजगीत ऐकवलं होतं. ते त्याने इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. आज ते ऐकून त्याने टेबलाची कड धरली.

"माफ करा म्हणायला तोंड नाही मला, सर."

नवऱ्याने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते शिंपीला कळलं नाही आणि विचारायचा त्याला अधिकार नव्हता.

थोरली खुर्चीत बसली होती. काठी मांडीवर आडवी होती. "म्हणजे यांना कळणं शक्यच नव्हतं," ती म्हणाली. हे ती खोलीतल्या कुणालाच उद्देशून म्हणाली नव्हती. मग एकदम, "लबाड! लहानपणापासून लबाड. अंगात ताप असला की थर्मामीटर लावायच्या आधी गुपचूप गार पाणी पिऊन यायची. का, तर शाळेच्या कार्यक्रमात गायचं असायचं. आई म्हणायची, पोर कशी ठणठणीत आहे. रात्री माझ्या शेजारी भट्टीसारखी तापलेली."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, ताई."

"तुम्ही कधी विचारलंत?" आणि मग बऱ्याच खालच्या आवाजात, "विचारायला मी जागा तरी कुठे ठेवली म्हणा."

नवऱ्याने खिशातून रुमाल काढला. थोरलीने सर्दीचं नाव काढलं नाही.

"ते कापलेलं कुठे आहे?" त्याने विचारलं. "मधलं. ती बोलली असेल, पाणी मागितलं असेल."

"इथे खाली टोपली असायची. संध्याकाळी झाडून जायचं."

"सगळं?"

"सगळं. तिसऱ्या दिवशी एकदा त्या हसल्या होत्या, स्टूल करकरलं म्हणून. तेही."

नवऱ्याने टेबलाखाली पाहिलं. तिथे आता वायरींचा गुंडाळा होता.

दारावर टकटक झाली आणि बाईंनी डोकं आत घातलं. "अरे वा, आलात पण! काका, तयार?" मग त्यांना टेबल दिसलं, एकतीस वेटोळी दिसली, आणि तिघांचे चेहरे. हातातला कागद त्यांनी पाठीमागे नेला. "मी थांबते बाहेर," त्या म्हणाल्या. "कुणाला येऊ देत नाही." दार लागलं. त्यावरचा लाल दिवा लागल्याचा खटका आत ऐकू आला.

"तासाभरात जोडून देतो," शिंपी म्हणाला. "होतं तसं होईल."

"नको." नवऱ्याने रुमाल घडी करून खिशात ठेवला. "असेच लावता येतील? सुटे?"

"येतील. पण लहान तुकड्यांना दोन्ही टोकांना कोरी टेप लावावी लागेल, नाहीतर यंत्रात ओवता येणार नाहीत. आणि दोन तुकड्यांच्या मध्ये वेळ जाईल."

"जाऊ दे. आम्हाला कुठे जायचंय?"

पहिला तुकडा लावला. खोलीत तिचा आवाज आला आणि थोरलीने डोळे मिटले. एक मिनिट छत्तीस सेकंद. मग आवाज थांबला. शिंपीने वेटोळं उतरवलं, दुसरं ओवलं, टोक रिळावर दोनदा फिरवलं, बटण दाबलं. आवाज अगदी तिथूनच, त्याच उंचीवर पुन्हा आला. बावीस वर्षं लोकांनी जे अखंड ऐकलं होतं ते आज पहिल्यांदा तिने म्हटलं तसं, थांबत थांबत, खोलीत उभं राहत होतं. नवऱ्याने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं.

दहाव्यानंतर थोरली उठून टेबलापाशी आली. पुढचं वेटोळं ती स्वतः उचलून हातात द्यायला लागली. "अकरा," ती म्हणायची. "बारा." तिची बोटं जाडी होती, पण टेप तिने एकदाही मुडपू दिली नाही. विसाव्यानंतर तुकडे भराभर संपू लागले. ओवायला अर्धं मिनिट आणि गाणं पंधरा सेकंद. पुढे ओवायला अर्धं मिनिट आणि गाणं अकरा. आवाज मात्र तसाच होता, गोल, भरलेला, जसा काही त्यामागे अजून कितीतरी शिल्लक आहे. हे तिने कसं केलं ते शिंपीला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आताही कळलं नाही.

तिसावा झाला. थोरलीने एकतिसावं वेटोळं दिलं. त्याने दोन्ही टोकांना कोरी टेप लावली, ते यंत्रात ओवलं, ताण तपासला आणि बटणावर बोट ठेवलं.

"थांबा हो," थोरली म्हणाली.

त्याने वळून पाहिलं.

"लगेच नको. किती दामटाल तिला?" ती काचेपलीकडच्या रिकाम्या खोलीकडे बघत होती. "जरा दम घेऊ द्या."

त्याने बोट बटणावरून काढून घेतलं. नवऱ्याने स्वतःसाठी ठेवलेली खुर्ची थोरलीकडे सरकवली, पण ती बसली नाही. तिघंही उभी राहिली, आणि कुणीही घाई केली नाही.